अप्पा सुधारले

अप्पांना सहा आठवडे एका जागी बसवून ठेवायचं, एवढंच काम माझ्याकडे आलं होतं. आमचे वडील, मन्मथअप्पा, वय चौऱ्याऐंशी, सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, कापसाची अडत. एका गाठीवर चढून हमालाला शिव्या देताना त्यांचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, यांना उठू देऊ नका." डॉक्टर परगावचे होते. अप्पांना 'बसा' म्हणायची छाती गावात आजवर कुणाची झाली नव्हती, हे त्यांना कुठून माहीत असणार.

पहिल्या दोन दिवसांत अप्पांनी खुर्चीतून काठी फेकून एक कुंडी, एक आरसा आणि माझा भूगोलाचा पृथ्वीगोल फोडला. तिसऱ्या दिवशी माझी बायको अनुपमा म्हणाली, "मामांना माझी शिरेल टीव्हीवर लावून देऊ का?"

अनुपमा दुपारच्या वेळी मोबाइलवर एक पाकिस्तानी मालिका बघायची. ही गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची, तेव्हा तिकडची चॅनलं इकडे दिसत होती. मालिकेचं नाव मी सांगत नाही, कारण त्यात एक नुक्ता आहे आणि तो माझ्या तोंडातून अजून नीट निघत नाही. अप्पांच्या तोंडातून मात्र निघायचा. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात सुरू झालेली. पहिल्या तीन इयत्ता उर्दूत. पंचाहत्तर वर्षं पोटात पडून राहिलेली ती भाषा मुरंब्यासारखी मुरली होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मालिकेतला मुख्य माणूस म्हणजे मुलतानचा एक कापूसवाला, हशमत सेठ. पहिल्याच दृश्यात तो जिनिंगमध्ये उभा राहून मुनिमावर ओरडत होता. अप्पांनी काठी खाली ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "मागच्या गाठीत ओलावा हाय. फसवायलेत त्याला." मग खुर्ची टीव्हीजवळ ओढायला लावली.

हशमत सेठ बावीस भाग वाईट होता. त्यानं कपबशा फोडल्या, सुनेला रडवलं, साझेदाराला कागदावर अंगठा घेऊन घराबाहेर काढलं. अप्पांना तो मनापासून आवडला. "माणूस कामाचा हाय," ते म्हणायचे. आई, म्हणजे आमची सिद्धम्मा, मटार सोलता सोलता टीव्हीकडे आणि अप्पांकडे आळीपाळीनं बघायची.

तेविसाव्या भागात हशमत सेठ जिन्यावरून पडला. घर मोठं, नोकर पळालेले, हाक मारली तर कुणी येईना. शेवटी ज्याला घराबाहेर काढलं होतं तोच साझेदार आला आणि त्यानं सेठला उचललं. पाय मोडला होता. डावाच. अप्पांचाही डावाच होता.

इथून पुढे मात्र मालिकेनं घात केला. आपल्याकडच्या मालिकेत माणूस जाहिरातीआधी वाईट असतो आणि जाहिरातीनंतर चांगला होतो, मध्ये साबण. तिकडे तसं नाही. तिकडे पश्चात्ताप हे एक काम असतं आणि ते पगारी माणसासारखं रोज थोडं थोडं करतात. हशमत सेठ तीन भाग नुसता खिडकीत बसला. चौथ्या भागात त्यानं स्वतःच्या हातानं चहा केला आणि सुनेपुढे ठेवला. मग एकेका घरी जाऊन माफी मागू लागला. अप्पा कापसाच्या ओलाव्याबद्दल बोलायचे थांबले. आमच्या खिडकीतून फक्त शेजारच्या दत्तरावांचं न्हाणीघर दिसतं, पण अप्पाही खिडकीत बसू लागले.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आईनं अप्पांना चहा दिला. अप्पा म्हणाले, "शुक्रिया."

आईच्या हातातलं ताट खाली पडलं. अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात तिला चहाबद्दल दोनच शब्द ऐकायची सवय होती: 'गार' आणि 'पाणचट'. तिनं अप्पांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "शिवकांत, डॉक्टरला बोलाव. ह्यांना कायतरी झालंय."

डॉक्टर येईपर्यंत अप्पांनी तिला समोर बसवलं होतं. म्हणाले, "सिद्धम्मा, चौऱ्याहत्तर साली नागपंचमीला तुझा भाऊ तुला न्यायला गंगाखेडहून आला होता. घरी व्यापारी जेवायला होते. मी त्याला दुकानावरूनच वापस लावला. तुला ताप आलाय म्हणून सांगितलं. माझी खता झाली. मला माफ कर."

मला वाटलं, आता आई डोळ्याला पदर लावणार. आईनं पदर कमरेला खोचला. सीताराममामा त्या वर्षी आला नाही म्हणून ती त्याच्यावर रुसली होती. तो रुसवा अठ्ठेचाळीस वर्षं तिनं नेटानं सांभाळला होता. लग्नकार्यात ती भावाशी बोलायची ते भिंतीकडे तोंड करून. अर्ध्या तासात तिनं पिशवी भरली. एसटीत बसताना मी विचारलं, "कधी येशील?" ती म्हणाली, "राहिलेल्या पंचम्या मोजून बघते."

अशा रीतीनं अप्पांच्या पहिल्या माफीचा खर्च म्हणजे आमची आई. स्वयंपाक अनुपमाकडे आला, त्यातला अर्धा अप्पा करू लागले आणि तो खावा मला लागला.

दुसरी माफी मला मिळाली. तिच्याबद्दल फार बोलावंसं वाटत नाही, पण हकिकत सांगायची म्हटल्यावर भाग आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो. सत्तावीस वर्षांची नोकरी, शिक्षकांच्या खोलीत माझ्या नावाची स्वतंत्र खुर्ची. मधल्या सुट्टीत अप्पा रिक्षातून उतरले, काठी टेकत थेट आत आले आणि मुख्याध्यापकांसमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "दहावीच्या निकालाला मी ह्या पोराला चार लोकांत गाढव म्हणलो. कारण त्याला भूगोलात पस्तीस पडले होते. मी चुकलो. पस्तीस पडले म्हणून काय माणूस गाढव होत न्हाई."

खिडकीत तोवर नववी 'ब'चा निम्मा वर्ग जमला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "वा, किती मोठं मन." कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी नकाशा टांगायला भिंतीकडे वळलो की मागून बारीक आवाजात पस्तीसचा पाढा सुरू होतो.

मोंढ्यात तर हाहाकार झाला. आमचा हमालांचा मुकादम भुजंग संध्याकाळी घरी आला आणि पायरीवरच बसला. म्हणाला, "मास्तर, अप्पा शिव्या देईनात."

"मग चांगलंच झालं की."

"कायचं चांगलं? शिवी बसली की पोतं हलकं लागतंय. आता म्हणायलेत, भुजंगभाऊ, जरा तकलीफ करता का. तीस वर्षांत माझ्या नावाला भाऊ लागलं न्हाई. पोरं बावचळलीत. दोघांना वाटायलंय, दुकान विकलंय आन् अप्पा सांगायला लाजायलेत."

आमच्या समोर राहणाऱ्या पंचफुलाबाई दारातून हे ऐकत होत्या. त्यांच्या मते ही नजर होती, मीठ-मोहऱ्या उतरवाव्यात. भुजंगाच्या मते अप्पांना रोज संध्याकाळी बातम्यांच्या चर्चा दाखवाव्यात, चांगला माणूस दोन दिवसांत बिघडतो. मी दोन्ही केलं. मोहऱ्यांनी घरभर ठसका झाला आणि अप्पांनी सगळ्यांना आपल्या हातानं पाणी दिलं. चर्चेतल्या ओरडणाऱ्या लोकांकडे ते करुणेनं बघत राहिले. म्हणाले, "ह्यांचा अजून पाय मोडला न्हाई."

मग मला वाटलं, रोग जिथून आला तिथंच उतारा असेल. मी मालिकेचे पहिले बावीस भाग पुन्हा लावले, म्हणजे अप्पा उलटे फिरून हशमत सेठच्या वाईट काळात जातील. सुशिक्षित माणसाला सुचेल असाच हा उपाय होता. अप्पा सातव्या भागापर्यंत रडत राहिले आणि त्यांना आणखी अकरा माणसं आठवली.

पण खरी माफी त्यांनी राखून ठेवली होती. ती दत्तरावांची.

दत्तराव आमचे शेजारी. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. बायको गेलेली, मुलं पुण्याकडे. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये हद्दीच्या दगडाला धरून एक्क्याण्णव साली बांधलेली एक भिंत आहे आणि तेव्हापासून तिच्यावरून वाद. दत्तराव म्हणत, तुम्ही हद्दीचा दगड हलवून नऊ इंच आमच्यात आलात. अप्पा म्हणत, दगड देवानं ठेवला तिथंच आहे. रोज सकाळी दत्तराव आपल्या अंगणातला पाला भिंतीवरून आमच्याकडे टाकत, अप्पा त्यांच्या सात पिढ्या काढत, मग दोघंही ताजेतवाने होऊन अंघोळीला जात.

आता अप्पा पहाटे उठून आधी दत्तरावांचंच अंगण झाडू लागले. दत्तराव खराटा घेऊन बाहेर यायचे आणि रिकाम्या अंगणात तसेच उभे राहायचे. एके दिवशी अप्पा भिंतीवरून म्हणाले, "दत्तराव साहेब, दगड मीच हलवला. तुमी वडिलांच्या दवाखान्यासाठी नांदेडला होता, तवा. नऊ इंच. मी ते लिहून देणार हाय."

दत्तराव घरात गेले आणि दार लावून बसले.

लिहून द्यायला मला जावं लागलं. कोणत्या कचेरीत ते विचारू नका. तिथले नागनाथ म्हणून कारकून होते. त्यांनी अप्पांचा अर्ज दोनदा वाचला. "अतिक्रमणाची तक्रार हाय," ते म्हणाले.

"हो."

"तक्रारदार मन्मथअप्पा. आणि अतिक्रमण केलं कुणी?"

"मन्मथअप्पांनीच."

नागनाथांनी चष्मा काढला. "असा नमुना न्हाई आपल्याकडं. पण अर्ज आला म्हणल्यावर नोटीस काढावी लागती. गैरअर्जदाराला पंधरा दिवस मुदत. त्याचं म्हणणं आलं की तक्रारदाराला कळवू. मग दोघांची सुनावणी."

"दोघं एकच आहेत."

"सह्या दोन लागतील."

नोटीस रजिस्टरनं आली. आपल्याविरुद्धची आपलीच तक्रार अप्पांनी आदरानं वाचली आणि उत्तर दिलं, की तक्रारदार म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. त्याची प्रत तक्रारदार म्हणून पुन्हा अप्पांना आली. त्यावर तक्रारदार समाधानी आहेत काय, असं विचारलं होतं. अप्पांनी लिहिलं, नाही. दत्तरावांनी माफ करेपर्यंत नाही. नागनाथांनी निरोप पाठवला, की मग दत्तरावांचं ना-हरकत पत्र आणा. जमीन परत घ्यायला हरकत नाही, असं.

ते पत्र मागायला मी दत्तरावांकडे गेलो, तर घरात टीव्ही चालू होता आणि टीव्हीवर हशमत सेठ खिडकीत बसला होता. आपल्या वैऱ्याला नेमकं काय झालंय ते कळावं म्हणून दत्तरावांनी मालिका सुरुवातीपासून बघितली होती. नऊ दिवसांत एकतीस भाग. डोळे लाल झाले होते. मला बघितल्याबरोबर त्यांनी टीव्ही बंद केला.

"शिवकांत, एकतिसावा बघितलास का?"

मी नव्हता बघितला. त्या सातव्या भागानंतर मी टीव्हीकडे फिरकलोच नव्हतो.

"साझेदारानं माफ केलं. म्हणला, जा, दिल साफ है. सेठ हसला. बाजेवर आडवा झाला." दत्तरावांनी रिमोट उलटा ठेवला. "संपला. तिथंच. तिकडं सुधारलेला माणूस ठिवतच न्हाईत रे."

"काका, नाटक आहे ते."

"तुझ्या बापाला म्हाईत हाय का, नाटक हाय म्हणून?"

मी धावत घरी आलो. अप्पांनी एकतिसावा भाग आदल्याच दिवशी बघितला होता. कपाळाला भस्म लावून, नवं धोतर उशाशी ठेवून, ते बाजेवर बसले होते. खुर्ची नव्हे, बाज. माळ्यावरून काढायला लावली होती. आमच्या जंगमस्वामींना, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंना, निरोप गेला होता. समाधीची जागा अप्पांनी सांगून ठेवली होती. अनुपमा डोळे पुसत म्हणाली, "कालपासून नुसतं दूध घेतलंय."

"अप्पा, हे काय चाललंय?"

ते हसले. इतकं गोड हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "काय न्हाई रे. परवा सोमवार हाय, त्या दिवशी भिंतीपाशी जायचं. दत्तरावानं एकदा माफ म्हणलं की मोकळा झालो. आता हिसाब राहिला न्हाई."

डॉक्टर आले, नाडी धरली. म्हणाले, रोग काही नाही, पण या वयात माणसानं ठरवलं तर आम्हाला विचारत नाही. मी आईला फोन लावला. तिच्या अजून बऱ्याच पंचम्या बाकी होत्या, पण ती पहिल्या गाडीनं निघाली. आल्यावर अप्पांजवळ बसली आणि म्हणाली, "चहा करू का? गार?" अप्पांनी मान हलवली. "तुझ्या हातचा चहा लय चांगला असतो," असं ते म्हणाले, तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

सोमवारी सकाळी सगळी गल्ली भिंतीपाशी जमली. भुजंग आणि हमालांनी अप्पांना बाजेसकट उचलून आणलं. पंचफुलाबाईंनी हळद-कुंकवाचं ताट आणलं होतं. कशासाठी, ते त्यांनाही नक्की नव्हतं. जंगमस्वामी एका बाजूला उभे होते. मी दत्तरावांकडे बघत होतो. माफ केलं तर अप्पा जातात. नाही केलं तर अप्पा दुधावर झुरत जातात. मी भूगोलाचा माणूस, मला दोन्हीकडे दरीच दिसत होती.

दत्तराव भिंतीच्या पलीकडे स्टुलावर उभे राहिले. दाढी केली होती, जुना खाकी शर्ट घातला होता.

अप्पांनी हात जोडले. "दत्तराव साहेब, मी दगड हलवला. मला माफ करा."

दत्तरावांनी भिंतीवर दोन्ही हात टेकवले. मग म्हणाले, "तू किती हलवलास?"

"नऊ इंच."

"तुझ्याआधी मी हलवला होता."

कुणाला काही कळलं नाही. अप्पांना तर नाहीच.

"नव्वद साली," दत्तराव म्हणाले. "तू लातूरला लग्नाला गेला होतास. दीड फूट तुझ्याकडं सरकवला. तू मग नऊ इंच वापस ढकललास. तुला कळलंच न्हाई. उरलेले नऊ इंच बत्तीस वर्षं मी खायलोय. ह्या न्हाणीघरात उभा राहून रोज आंघोळ करायलोय तुझ्या जागेत. आणि वरून तुलाच चोर म्हणायलोय."

अप्पांचे जोडलेले हात तसेच होते. हशमत सेठला सुधारायला आठ भाग लागले. आमचे अप्पा बिघडायला, मी घड्याळात बघितलं नाही, पण पंचफुलाबाईंनी ताट खाली ठेवलं तेवढाच वेळ लागला. आधी कान लाल झाले. मग मानेची शीर वर आली. मग त्यांनी बाजेवरून दोन्ही पाय खाली सोडले, डावासुद्धा.

"दत्त्या," अप्पा म्हणाले.

पुढचं इथं लिहिता येत नाही. दत्तरावांच्या सात पिढ्यांत आणखी दोन जोडल्या गेल्या. भुजंगाच्या तोंडावर हसू पसरलं, तेवढ्यात अप्पांनी त्यालाही झोडपलं, की भाड्याची माणसं बघत काय उभी राहिलीत, मोंढा काय तुमचा आजा उघडणार हाय का. हमाल उड्या मारत पळाले. जंगमस्वामी दक्षिणा न घेता निघाले. अप्पा भिंतीला धरून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "भाकरी टाक. दोन. आणि वकिलाला फोन लाव. ह्याच्यावर नवीन केस करायचीय." आईनं आणलेल्या चहाचा एक घोट घेऊन ते म्हणाले, "पाणचट."

आई आत गेली आणि तिनं भाकऱ्या थापायला घेतल्या. चार टाकल्या.

केस झाली. नागनाथांनी अप्पांचा जुना अर्ज, त्याचं उत्तर आणि उत्तराचं उत्तर एका फायलीत बांधून त्यावर 'गैरअर्जदार बदलले' असा शेरा मारला. तारखेला दोघं एकाच रिक्षानं जातात, कारण अप्पांना पायामुळे चालवत नाही आणि दत्तराव सोडून जायला तयार नाहीत. अप्पा आता सत्त्याऐंशीचे आहेत. मालिका त्यांनी टाकली. तिचे पुढचे भाग इकडे दिसायचेही बंद झाले.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना आमच्या घराचं जुनं खरेदीखत सापडलं, आजोबांच्या वेळचं. त्यात लिहिलं आहे, की आमच्या आडाच्या काठापासून दत्तरावांकडची हद्द बावीस फूट. एका दुपारी अप्पा मोंढ्यात असताना मी टेप आणला आणि एकटाच मोजायला बसलो. दत्तराव म्हणाले ते खरं असतं, तर भिंत बावीस फुटांच्या आत, सव्वाएकवीसवर भरायला हवी होती.

ती बावीस फूट नऊ इंचांवर भरली. तीनदा मोजलं. दगड आयुष्यात एकाच माणसानं हलवला होता आणि तो मोंढ्यात पोती मोजत होता.

मी वर बघितलं. भिंतीवर कोपर टेकवून दत्तराव कितीतरी वेळ माझ्याकडे बघत असावेत.

"काका," मी म्हणालो, "हे तर..."

"टेप गुंडाळ, मास्तर," ते हळूच म्हणाले. "अप्पा यायची वेळ झाली."